थोडं उरलंय

त्या वर्षी दिवाळी सरल्यावर मी आणि माझी भाची गुलबर्ग्याला राहायला गेलो. राहायला गेलो असं आज म्हणते. निघताना आम्ही चार दिवसांसाठी निघालो होतो. पिशवीत तिचे दोन फ्रॉक, माझ्या तीन साड्या आणि तपासायच्या राहिलेल्या वह्यांचा एक गठ्ठा होता. त्यातली एकही वही मी तिथे उघडली नाही.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. मी हुलसूरला कन्नड शाळेत शिकवत होते. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहत होते. पोर सारखी तापायची, पायाच्या नळ्या दुखतात म्हणायची, मांड्यांवर निळे डाग पडायचे. बसवकल्याणच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि कागद परत देताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "आजच गुलबर्ग्याला न्या." तिथे आजाराचं नाव कळलं. रक्ताचा कर्करोग, लहान मुलांना होतो तो. यातून बरीच मुलं बरी होतात, असं डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. त्यापुढचं सगळं बोलणं मी विहिरीच्या तळाशी बसून ऐकावं तसं ऐकलं.

तिच्यासोबत मीच राहायचं, हे कुणी न ठरवताच ठरलं. भावजय बाळंतीण होती, घरात बारा दिवसांचं बाळ. भावाला रक्त बघवत नाही. सलाईनची सुई दिसली तरी त्याचे हातपाय गार पडतात. शिवाय तो उदगीरला मामाकडे राहून मराठीत शिकलेला. बाजारापुरतं कन्नड त्याला येतं, दवाखान्यापुरतं येत नाही. डॉक्टरीणबाई कन्नडच बोलायच्या. तेव्हा ऐकायचं मी, आणि घरी फोनवर मराठीत सांगायचंही मीच.

दवाखान्यापासून चार गल्ल्या सोडून एक खोली मिळाली. मागे डाळीची गिरणी होती. सकाळी नऊला ती सुरू व्हायची आणि दिवसभर तिची घरघर भिंतींतून यायची. तुरीची टरफलं हवेत तरंगायची. पोरीला धूळ चालत नसे म्हणून मी खिडकीची काच बंद ठेवायची, फटींना ओलं फडकं लावायची. दुपारचं ऊन त्या काचेतून गाळून यायचं तेव्हा सगळी खोली हळदीच्या पाण्यात बुडाल्यासारखी व्हायची. पलंग पिवळा, भांडी पिवळी, तिचा केस गेलेला गोटा पिवळा. त्या महिन्यांतलं पुष्कळ काही मला आता वारांनुसार आठवत नाही. तो उजेड आठवतो.

औषधांनी तिला भयंकर भूक लागायची. पहाटे उठून ती मला हलवायची, "आत्या, भाकर." मी स्टोव्ह पेटवायची. ज्वारीची गरम भाकरी, वरण, शेंगाची चटणी. खाऊन झालं की पुन्हा, "अजून एक." गाल फुगले, पोट फुगलं, चालताना धाप लागायची. आरशात बघून एकदा म्हणाली, "ही कोण हाय?" मी म्हटलं, "पाहुणी हाय. जाईल थोड्या दिवसांनी." ती हसली. तेव्हा ती अजून सहज हसायची.

अधूनमधून तिच्या पाठीत इंजेक्शन द्यायचे, आणि कंबरेच्या हाडातून मगज काढून तपासायचे. त्याआधी गुंगी देत. मी दाराबाहेर बसायची. अर्ध्या तासाने तिला बाहेर आणत आणि ती डोळे अर्धे उघडे ठेवून बडबडायची. छत वितळतंय म्हणायची. एकदा म्हणाली, आपली विहीर आडवी झालीय आणि त्यातून मी चालत चालत राजेश्वरपर्यंत गेले, आत चिखल नव्हता, नुसता कापूस होता. राजेश्वरला तिचं आजोळ. मी तिचा हात धरून ऐकत राहायची. पुरती शुद्धीवर आली की तिला यातलं काहीच आठवायचं नाही. मला मात्र ती स्वप्नं माझीच असल्यासारखी राहून गेली. अजूनही कधी दुपारी डोळा लागला की ती आडवी विहीर दिसते.

पहिले पाच आठवडे संपले तेव्हा मगज पुन्हा काढला. सूक्ष्मदर्शकाखाली सगळं स्वच्छ दिसलं. मी तेवढ्यावरच पिशवी भरायला निघाले होते. डॉक्टरीणबाईंनी मला बसवलं आणि शांतपणे समजावलं. सूक्ष्मदर्शकाची नजर एका मर्यादेपर्यंतच जाते. दहा हजार पेशींत एखादीच वाईट पेशी उरली असेल तर ती डोळ्यांना सापडत नाही. पण प्रत्येक मुलाच्या आजाराच्या पेशींत एक खूण असते, फक्त त्यांचीच, त्यांच्या गुणसूत्रांत लिहिलेली. हिची खूण पहिल्याच दिवशीच्या नमुन्यातून काढून ठेवली आहे. आता तीच खूण धरून नव्या नमुन्यात शोधायचं. ते यंत्र इथे नाही, नमुना हैदराबादला जाईल. काय येतं त्यावर पुढची औषधं ठरतील.

जांभळ्या टोपणाच्या दोन नळ्या थर्माकोलच्या डब्यात ठेवलेल्या मी पाहिल्या. आत रक्तासारखंच काहीतरी, पण जरा दाट. दवाखान्यातली एक मुलगी तो डबा ओढणीखाली झाकून, उन्हापासून जपत, बाहेर उभ्या गाडीकडे घेऊन गेली. कुणी लेकरू झाकून न्यावं तसं.

दहा-बारा दिवसांनी निकाल आला. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत भाची माझ्याशेजारी स्टुलावर बसली होती, पाय हलवत, खिडकीतून बाहेर चाललेल्या शेळ्या मोजत. बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "इन्ना स्वल्प उळदद." अजून थोडं उरलंय.

त्यांनी पुढेही सांगितलं. फार नाही, पण उरलंय. म्हणून आता जरा जड औषधं द्यावी लागतील. ती झाली की पुन्हा हीच तपासणी. तेव्हा काय येतं ते जास्त महत्त्वाचं. मी मान हलवत होते. मला फक्त "उळदद" हा एकच शब्द ऐकू येत होता. वर्गात मी तो फळ्यावर कितीदा लिहिला होता, वजाबाकी शिकवताना. दहातून सात गेले, किती उरले.

बाहेर येऊन घरी फोन लावला. तो येळवशीचा दिवस होता, हे मी विसरूनच गेले होते. आमच्याकडे मार्गशीर्षाच्या अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची खोप बांधतात, तिच्यात पाच दगड मांडून पूजा होते, भज्जी, उंडे आणि अंबील खायला पाहुणे येतात. भावाने फोन उचलला. मागे भांड्यांचे आवाज, हसणं, वारा. तो ओरडून म्हणाला, "थांबा रे, अक्काचा फोन हाय. गप बसा." आणि त्याने फोन मोठ्या आवाजावर टाकला. सगळे गप्प झाले. नुसत्या वाऱ्याचा आवाज येत राहिला. मला ती खोप दिसली, तिच्या सावलीत बसलेली भावजय दिसली, तिच्या मांडीवरचं बाळ दिसलं.

"काय आलं अक्का?"

"काही न्हाई," मी म्हणाले. "काही उरलं न्हाई."

तिकडे एकदम गलका झाला. कुणीतरी शिट्टी वाजवली. भावजयीचा रडण्याचा आवाज आला, सुखाचा. भाऊ म्हणाला, "औषधं बंद मग?" मी म्हणाले, "न्हाई, खबरदारी म्हणून देणार हाईत." फोन ठेवला. भाची माझा पदर धरून उभी होती. तिने काहीच विचारलं नाही. "आत्या, भूक लागली," एवढंच म्हणाली.

मी ठरवून खोटं बोलले नव्हते. पण बोलून गेल्यावर ते परत घेण्याची वेळ रोज येत होती आणि रोज मी ती जाऊ देत होते. आज नको, उद्या सांगू. बाळाला ताप आहे, तो उतरू दे. तुरीची रास व्हायची आहे, ती होऊ दे. भाऊ, पोरीचा अप्पा, शनिवारी यायचा, दारात चप्पल काढून उभा राहायचा, पोरीला हसवायचा, संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. तो मोकळा चेहरा पाहून माझी जीभ जड व्हायची.

त्या दोन महिन्यांत मी धड जागी नव्हते आणि धड झोपलेही नव्हते. पोरीला औषधं सोसेनात. तोंडात फोड आले, भाकरीवरून मन उडालं. कधी तिच्या रक्तातल्या पेशी इतक्या उतरायच्या की मला तिच्याजवळ जाताना हात तीनदा धुवावे लागत. ती दुपारभर पडून राहायची, मी भिंतीला टेकून बसायची. गिरणी घरघरत राहायची. काचेबाहेर टरफलांचा धुरळा हलत राहायचा. मला वाटायचं, हे जे हवेत एवढं तरंगतंय त्यात एखादंच वेगळं असेल तर कोण ओळखणार? आणि मग वाटायचं, तिकडे दूर कुणीतरी आहे, मला न दिसणारं, जे ओळखतं. त्या विचाराने कधी धीर यायचा, कधी धडकी भरायची.

फेब्रुवारीत एकदा पाठीतलं इंजेक्शन झालं आणि तिला गुंगीतच बाहेर आणलं. मी नेहमीसारखी हात धरून बसले. ती कन्नडमध्ये पुटपुटत होती. "उळदद," ती म्हणाली. मग जरा थांबून, "अप्पाग हेळब्याड." अप्पाला सांगू नको.

माझा हात तिच्या हातात तसाच राहिला.

खोलीवर आल्यावर ती पुरती शुद्धीवर येईपर्यंत मी थांबले. तिने पाणी मागितलं, चार घोट प्याली. मग मी विचारलं, "तुला ठाऊक हाय? डॉक्टरीणबाई काय म्हणल्या होत्या ते?"

"व्हय."

"कसं?"

तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "तूच शिकवलीस की कन्नड."

खरंच होतं. पहिलीपासून ती माझ्याच वर्गात होती. डॉक्टरांपुढे मी तिच्या शेजारी बसून इतके दिवस ऐकत होते आणि आपणच शिकवलेली भाषा तिलाही कळते, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मग बोलली कामून न्हाईस?"

"तू अप्पाला काही न्हाई म्हणलीस. मला वाटलं, हे सांगायचं नसतंय."

मला रडू आलं. ती उठून बसली, तिचे ओठ फोडांनी सुजले होते. म्हणाली, "थोडं म्हंजी किती असतंय आत्या?"

"मला बी नीट ठाऊक न्हाई. लई बारीक असतंय. डोळ्यांनी दिसत न्हाई."

"मग त्यांना कसं दिसलं?"

मी तिला खुणेचं सांगितलं, जेवढं मला उमगलं होतं तेवढं. तुझ्या आजाराची एक खूण आहे, दुसऱ्या कुणाची तशी नाही. ती खूण हैदराबादला माहीत आहे. तिला हाक मारली की आत एखादी पेशी लपलेली असली तरी सापडते.

"म्हंजी हजेरी घेत्यात," ती म्हणाली.

"व्हय. हजेरीच."

"आन एकटीच हजर म्हणली." तिने माझा पदर धरला. "आत्या, अप्पाला सांग. मला एकटीला लई भ्या वाटायलंय."

एकटीला. मी रोज तिच्या उशाशी होते आणि ती एकटी होती. माझं खोटं तिने माझ्याइतकंच, माझ्यापेक्षा जास्त उचललं होतं, तेही मला न सांगता.

त्याच दुपारी भावाला फोन केला. तो आपल्या दुकानात होता. मी म्हटलं, बाहेर ये, एकटा हो. आणि सगळं सांगितलं, येळवशीपासून. त्याच्या बाजूने जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज आला आणि हळूहळू दूर गेला.

"मी यायलोय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने तो आला. मी शिव्या ऐकायची तयारी करून बसले होते. तो आत आला, प्रथमच उंबऱ्याच्या आत, हात धुतले, तोंडाला फडकं बांधलं आणि पोरीच्या पलंगाच्या पायथ्याशी बसला. बराच वेळ तिचे पाय चेपत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "अक्का, मला रक्त बघवत न्हाई. पण ऐकाय काय झालंय मला? कान तर चांगले हाईत."

मी स्टोव्ह पेटवून चहा ठेवला.

तो त्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेला. मी सोबत होते, पण बोलला तो. बाजारातल्या कन्नडमध्ये, मध्येच दख्खनी हिंदी मिसळून. बाईही मग त्याच्याशी दख्खनीतच बोलू लागल्या. किती उरलंय, पुन्हा कधी बघणार, पुन्हा सापडलं तर काय करणार, त्याने सगळं विचारलं. शेवटचा प्रश्न मी दोन महिन्यांत एकदाही विचारला नव्हता. विचारला असता तर मला कळलं असतं की त्यावरही त्यांच्याकडे उपाय होते, अवघड पण होते. मी त्या दाराला हात न लावताच पलीकडे अंधार आहे असं धरून चालले होते.

तो परत गेला नाही. दुकान चुलतभावावर सोपवून तिथेच राहिला. मार्च लागल्यावर दुसरी तपासणी झाली. नळ्या भरून बाहेर आणल्या तेव्हा तो दारातच उभा होता. त्याने बघितलं. चेहरा पांढरा पडला, जाऊन जिन्याच्या पायरीवर बसला, डोकं गुडघ्यांत घातलं. मी पाणी दिलं. म्हणाला, "पडलो न्हाई, बघ." पोर अजून गुंगीत होती. ती हसून काहीतरी म्हणाली, विहिरीत आता उजेड आहे की तसंच काही. आम्हाला नीट कळलं नाही.

निकाल येईपर्यंतचे दिवस आम्ही तिघांनी त्या पिवळ्या खोलीत काढले. बोलत नव्हतो असं नाही, उलट भाऊ आयुष्यात कधी बोलला नसेल एवढं बोलला. आम्ही लहान असताना हुलसूरच्या माळावर पतंगामागे धावत तो कसा हरवला आणि मी त्याला कशी शोधायला आले, ते त्याने पोरीला सांगितलं. मला ते आठवतच नव्हतं. ऐकता ऐकता डोळे मिटले तर माळ दिसू लागला, गवत दिसू लागलं, आणि मी कुणाला शोधतेय तेच कळेना. डोळे उघडले तेव्हा दोघंही झोपले होते. दुपारचे तीन वाजले असतील.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांनाही आत बोलावलं. कागद हातात धरून पोरीकडे बघत म्हणाल्या, "सिक्किल्ल." सापडलं नाही.

मी विचारलं, म्हणजे नाही असंच ना? त्या थांबल्या. म्हणाल्या, जिथवर बघता येतं तिथवर सापडलं नाही. हे चांगलं आहे, फार चांगलं आहे. पण मी तेवढंच म्हणेन जेवढं कागद म्हणतो. औषधं पुढे दोन वर्षं चालतील.

भावाने घरी फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तूच सांग," म्हणाला. मी भावजयीला सांगितलं, "सापडलं न्हाई."

"म्हंजी न्हाई?"

"म्हंजी सापडलं न्हाई. जिथवर दिसतंय तिथवर."

मागे बाळ रडायला लागलं. मग ती म्हणाली, "बरं. जेवलाव का तुम्ही?"

आधीचं खोटं तिला भावाने केव्हाच सांगितलं होतं. घरी परतल्यावर ती माझ्याशी पुष्कळ दिवस तुटक वागली. ताट वाढायची, पण समोर बसायची नाही. एकदा चुलीपुढे म्हणाली, "माझं लेकरू तिकडं तसं असताना मी इकडं खुशाल झोपत होते. ती झोप मला नको होती." पुढे कितीतरी महिन्यांनी, तुरीच्या शेंगा सोलत असताना, तीच म्हणाली, "तवा कळलं असतं तर माझं दूध आटलं असतं. धाकटं जगलं नसतं." ती कधी हे म्हणते, कधी ते. मी दोन्ही ऐकून घेते. माफी मागितली ती एकदाच, पोरीची. तिने ती ऐकली की नाही कोण जाणे, ती मांजराच्या पिल्लाला दूध पाजत होती.

आता ती नववीत आहे. केस परत आले ते कुरळे आले, आधी सरळ होते. औषधं संपून वर्षं झाली. वर्षातून एकदा दाखवायला जातो. घरात आता एक रीत पडली आहे, कुणी सांगून पाडलेली नाही. कागद आला की सगळे एकत्र बसतात आणि तीच वाचते, कन्नडमध्ये काही असेल तर मराठीत करून, शब्द न गाळता. भाऊ मध्ये थांबवून अर्थ विचारतो.

परवा आम्ही दोघी जाऊन आलो. सगळं ठीक होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, पुढे काय व्हायचंय? मला वाटलं, डॉक्टर म्हणेल. ती म्हणाली, अजून ठरवलं नाही. परतीच्या बसला गर्दी होती आणि खिडकीची जागा मी आधी जाऊन धरली. त्यावरून ती चिडली आणि हुमनाबाद येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.